नरखेडचे दोन बहार

मे महिन्यात नरखेड तालुक्यातली संत्र्याची बाग पाहून परक्या माणसाला वाटावे, मालकाने ती वाऱ्यावर सोडली आहे. आळी कोरडी, पाने मुरडलेली, काही गळून बुंध्याशी पडलेली. आणि विहिरीत पाणी असूनही मोटर बंद. याला ‘ताण देणे’ म्हणतात. पाणी तोडले की झाडाची वाढ थांबते, अन्नसाठा फांद्यांत राहतो आणि मृगाचा दमदार पाऊस पडला की नवतीबरोबर फुले फुटतात. हा मृग बहार. त्याची फळे पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतात.

संत्रा मूळचा इथला नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीस दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी औरंगाबादहून कलमे आणून नागपुरात लावली, असे मानले जाते. पुढे ते झाड काटोल-नरखेडला आणि वर्धा नदीपलीकडे वरुड-मोर्शीत पसरले. झाड इथल्या हवामानाला रुळले, हे अर्धेच खरे. केव्हा फुलायचे हे शेतकऱ्याने त्याला पाणी तोडून शिकवले.

मृगाच्या सरींनी बहार फुटतो, पण विदर्भाचा मोठा पाऊस बरेचदा बंगालच्या उपसागरातून येतो. तिथे तयार झालेले कमी दाबाचे क्षेत्र ओडिशा-छत्तीसगडवरून पश्चिमेकडे सरकते आणि त्याच्या नैर्ऋत्य बाजूला पावसाचा जोर सर्वाधिक असतो. सातपुड्यात मुलताईजवळ उगम पावणारी वर्धा अशा वेळी पाहता पाहता फुगते. 30 जुलै 1991 रोजी नरखेड तालुक्यातले मोवाड तिच्या पुरात उद्ध्वस्त झाले. दोनशेहून अधिक माणसे गेली.

दुसरा बहार आंबिया. त्याला ताण मिळतो तो डिसेंबर-जानेवारीच्या थंडीचा. जानेवारी-फेब्रुवारीत बागेला पाणी सोडले की फुले येतात, आणि फळे साधारण दिवाळीच्या सुमारास तयार होतात. पण उन्हाळाभर विहिरीला पाणी हवे, आणि फुलोऱ्याची वेळही नेमकी वाईट: तेव्हाच गारांची वादळे येतात.

1919 मध्ये नॉर्वेच्या याकोब ब्यर्कनेस यांनी थंड आणि उबदार हवेच्या सीमांवर, म्हणजे फ्रंटवर, वादळे कशी उभी राहतात याचे चित्र मांडले. युरोपातल्यासारखे ठळक फ्रंट नरखेडवरून सहसा जात नाहीत. मात्र हिवाळा सरताना उत्तर भारतावरून पश्चिमी प्रक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी वादळी प्रणाली, सरकत असतो, वायव्येची कोरडी हवा खाली येते आणि उपसागराकडून आग्नेयेचे दमट वारे विदर्भात शिरतात. दोन्हींची गाठ मध्य भारतावर पडते. दुपारच्या उन्हाने तापलेली दमट हवा वर फेकली जाते, ढग गोठणपातळीच्या कितीतरी वर चढतात आणि त्यांत गारा वाढतात. फेब्रुवारी-मार्च 2014 मध्ये महाराष्ट्रात दिवसेंदिवस गारपीट झाली, त्यात विदर्भही होता.

गारपिटीचा घाव दोन्ही बहारांवर बसतो, हे या पट्ट्याचे खरे दुखणे. मृगाची फळे तोडणीला आलेली असतात, आंबियाची फुले आणि बारीक फळधारणा त्याच वेळी झाडावर. एकच बहार धरणारा शेतकरीही सुटत नाही. गारांनी फांद्यांची साल सोलली जाते, जखमांतून बुरशी शिरते. म्हणून फळांचा सडा वेचता वेचता बागेत बुरशीनाशकाची फवारणीही करावी लागते.