वनौषधींच्या अंतरंगाचा वेध : प्राध्यापिका असीमा चटर्जी

सातवीण, काडेकिराईत, कुटकी, सागरगोटा ही नावे आपल्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस अपरिचित नाहीत. ताप आला असता काडेकिराइताचा कडू काढा पाजणारी आजी आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. त्या काढ्यात गुण आहे हे तिला ठाऊक होते. परंतु तो गुण कोणत्या द्रव्याचा, त्या द्रव्याची रचना कशी आणि किती मात्रेत ते हितकर वा अपायकारक ठरेल, हे जाणण्याचे साधन तिच्यापाशी नव्हते. ते साधन सेंद्रिय रसायनशास्त्राने पुरविले. या शास्त्राच्या द्वारे भारतीय वनौषधींचे अंतरंग उलगडण्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या कलकत्ता विद्यापीठाच्या प्राध्यापिका असीमा चटर्जी यांचे चरित्र ज्ञातिबांधवांपुढे, व विशेषतः भगिनींपुढे, ठेवण्याचा येथे मानस आहे.

असीमाबाईंचा जन्म २३ सप्टेंबर १९१७ रोजी कलकत्त्यास झाला. वडील इंद्रनारायण मुखर्जी हे डॉक्टर असून त्यांना वनस्पतिशास्त्राची आवड होती. औषधी वनस्पतींचा छंद कन्येस लागला तो त्यांच्यामुळेच. स्कॉटिश चर्च कॉलेजातून त्या १९३६ साली रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाल्या व १९३८ साली कलकत्ता विद्यापीठाच्या एम्. एस्सी. झाल्या. तो काळ कसा होता हे आपल्याकडील एका उदाहरणावरून ध्यानात येईल. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर कमला भागवत (पुढे सोहोनी) यांना १९३३ साली बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत केवळ त्या स्त्री आहेत म्हणून प्रथम प्रवेश नाकारण्यात आला होता. त्यांनी आग्रह धरला तेव्हा तो अटींवर मिळाला. अशा काळात असीमाबाईंनी प्रयोगशाळेची वाट धरली. १९४० साली कलकत्त्याच्या लेडी ब्रेबोर्न कॉलेजात रसायनशास्त्राचा विभाग उभारण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि १९४४ साली त्या कलकत्ता विद्यापीठाच्या डी. एस्सी. झाल्या. भारतीय विद्यापीठाची ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला म्हणून गणल्या जातात.

१९४५ साली त्यांचा विवाह भौतिक रसायनशास्त्रज्ञ डॉ. वरदानंद चटर्जी यांच्याशी झाला. विवाहाने विद्याभ्यास संपला नाही. १९४७ साली लहान मुलीस बरोबर घेऊन त्या अमेरिकेस गेल्या, व पुढे झुरिच येथे नोबेल पारितोषिकाचे मानकरी पॉल कारर यांच्यापाशी त्यांनी काम केले. १९५० साली त्या मायदेशी परतल्या आणि १९५४ पासून कलकत्ता विद्यापीठात अध्यापन व संशोधन करू लागल्या.

त्यांच्या कामाचे स्वरूप थोडक्यात सांगावयास हवे. वनस्पतीची साल वा मूळ वाळवून, कुटून, मद्यार्कात भिजवावे. त्या अर्कातून एकेक द्रव्य वेगळे करून त्याचे शुद्ध स्फटिक मिळवावेत. आणि मग त्या द्रव्यातील अणू एकमेकांस कसे जोडले आहेत हे शोधून काढावे. घटक तेच असले तरी त्यांची अवकाशातील मांडणी निराळी असेल तर गुणधर्म पालटतात. उजव्या पायाचा जोडा डाव्या पायात बसत नाही, तसेच हे. सर्पगंधेच्या मुळांनी रक्तदाब उतरतो हे मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली जगापुढे मांडले होते. त्याच सर्पगंधेच्या कुळातील वनस्पतींत सापडणाऱ्या अजमॅलिसीन या द्रव्याच्या रचनेवर असीमाबाईंनी महत्त्वाचे काम केले. पाणथळ जागी उगवणारी चार पानांची शुषनी ही भाजी व जटामांसी यांपासून अपस्मारावरील 'आयुष-५६' हे औषध त्यांनी सिद्ध केले. आणि आरंभी उल्लेखिलेल्या चार वनस्पतींपासून हिवतापावरील औषधही. सदाफुलीतील कर्करोगावरील द्रव्ये त्यांनीच शोधली असे कधीकधी लिहिले जाते, ते मात्र यथार्थ नव्हे. तो शोध १९५८ च्या सुमारास कॅनडा व अमेरिका येथे लागला. असीमाबाईंचे खरे कार्य इतके मोठे आहे की त्यास उसन्या अलंकारांची गरज नाही.

हे सर्व घडले ते विपन्नावस्थेतील प्रयोगशाळेत. रसायने दुर्मिळ, उपकरणे अपुरी आणि अनुदान तुटपुंजे. द्रव्यांचे नमुने पृथक्करणासाठी परदेशी पाठवावे लागत व त्याचा खर्च पुष्कळदा पदरमोड करून भागवावा लागे. तरीही १९६१ साली रसायनशास्त्रातील भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला, व १९६२ साली खैरा प्राध्यापकपदी त्यांची नियुक्ती झाली. १९६७ हे वर्ष मात्र दारुण ठरले. चार महिन्यांच्या आत वडील व पती दोघेही गेले आणि त्यांची स्वतःची प्रकृतीही ढासळली. त्यातून सावरून त्या पुन्हा प्रयोगशाळेत आल्या. १९७५ साली पद्मभूषण किताब व भारतीय विज्ञान परिषदेचे अध्यक्षपद असे दोन बहुमान त्यांस लाभले. त्या पदावर बसणाऱ्या त्या पहिल्या महिला शास्त्रज्ञ होत. १९८२ ते १९९० या काळात त्या राज्यसभेच्या सदस्या होत्या. २२ नोव्हेंबर २००६ रोजी त्यांचे निधन झाले.

एक गोष्ट मात्र मनास टोचते. रसायनशास्त्रातील भटनागर पुरस्कार दुसऱ्या स्त्रीस मिळण्यास २००९ साल उजाडावे लागले. मध्ये अठ्ठेचाळीस वर्षे गेली! या अर्धशतकात देशात बुद्धिमान कन्या जन्मासच आल्या नाहीत असे कोण म्हणेल? मुलीस पदवीपर्यंत शिकवावे हे आपण आता मान्य करतो; परंतु पदवीनंतर संशोधनाची पाच-सात वर्षे मागणाऱ्या मुलीस "आता पुरे" असे सांगणारी घरे अद्यापि आहेत. ज्ञातिसंस्थांच्या शिष्यवृत्त्याही बहुधा पदवीपाशी थांबतात, आणि खरी गरज तर तेथूनच सुरू होते. असीमाबाईंना बुद्धी उपजत होती. परंतु छंद लावणारा पिता आणि विद्येची किंमत जाणणारा पती ही त्यांस लाभलेली पुण्याई होती. ती पुण्याई आपल्या घरातील मुलीस मिळवून देणे सर्वस्वी आपल्या हाती आहे. पुढील खेपेस कोणी कन्या "मला आणखी शिकावयाचे आहे" असे म्हणेल, तेव्हा तिला नकार देण्यापूर्वी या चरित्राचे स्मरण व्हावे, एवढीच विनंती.