रानडुक्कर, रोही आणि बिनरक्ताचा उपाय



भद्रावतीला स्वप्नदेव पार्श्वनाथांच्या दर्शनाला आपण जातो. त्याच चंद्रपूर जिल्ह्यात माझं माहेर, म्हणून जीवदयेचा हा अवघड प्रश्न मला जवळचा वाटतो.

चंद्रपूर-गडचिरोलीत शेत संपतं तिथे जंगल सुरू होतं. रानडुकरीण एका वितीला ४ ते ६ पिल्लं देते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत धान लोळवतो, रोही हरभरा खाऊन टाकतो. जागलीला गेलेल्या माणसाला वाघाची भीती असते. कुणी कुंपणात चोरून वीज सोडली, तर त्यात वाघ मरतो आणि माणूसही.

२०१५ मध्ये राज्य सरकारने पिकं नासवणारी रानडुकरं आणि रोही मारण्याची वाट मोकळी केली. जून २०१६ मध्ये मनेका गांधींनी त्यावर जाहीर टीका केली. चंद्रपुरात मारलेल्या ५३ रानडुकरांचा आकडा त्यांनीच सांगितला.

न मारता संख्या आवरण्याचा प्रयत्न मात्र जुना आहे. अमेरिकेतल्या असाटीग बेटावर १९८८ मध्ये जे किर्कपॅट्रिक आणि जॉन टर्नर यांनी रानटी घोड्यांच्या माद्यांना दुरून सुई मारून लस दिली. ही लस बीजांडाभोवतीच्या आवरणाविरुद्ध शरीराला सज्ज करते, त्यामुळे गर्भ राहत नाही. १९९६ पासून आफ्रिकेच्या क्रूगर जंगलात हत्तिणींवरही ती वापरली गेली.

आपल्याला टोचणारी गोष्ट पुढे आहे. ही लस कत्तलखान्यातल्या डुकरिणींच्या बीजाशयापासून बनते. एक जीव वाचवायला दुसऱ्या मारलेल्या जिवाचा अवयव! दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत डॉ. सतीश गुप्ता यांनी हीच प्रथिनं जिवाणूंकडून बनवून घेतली. त्यात डुकराची गरज उरत नाही.

हिमाचलमध्ये २००७ च्या सुमारापासून दीड लाखाहून जास्त माकडांची नसबंदी झाली, पण ती पकडून, शस्त्रक्रियेने. केंद्राने हत्ती, रानडुक्कर, रोही आणि माकड यांच्यासाठी लसीचं काम डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेकडे दिलं. दाट झुडपातल्या रानडुकराला सुई मारणं कठीण, म्हणून खाण्यातून लस देण्याचा शोध चालू आहे. ब्रिटनमध्ये त्यासाठी जड झाकणाचं खाद्यपात्र केलं आहे. ते झाकण रानडुक्करच नाकाडाने उचलू शकतं.

लस देण्यातही जिवाला त्रास आहेच. पण ठरवून गोळी घालणं ही संकल्पी हिंसा. त्यापुढे हा त्रास मला कमी वाटतो.

लस गावापर्यंत येईपर्यंत शेतकऱ्याने काय करायचं? त्याचा तांदूळ आपल्या पातेल्यात शिजतो, मग अहिंसेचा सगळा भार त्याच्याच माथी का? पर्युषणात जीवदयेसाठी आपण जो निधी काढतो, त्यातला थोडा वाटा यंदा एखाद्या गावाच्या सौर कुंपणाला देता येईल का, हे आपल्या महिला मंडळात जरूर बोलूया.