शरणागती की अटक?

एकाच घटनेची दोन चित्रे आमच्यासमोर आहेत. एक डच चित्रकाराचे, दुसरे जावानी मुसलमान चित्रकाराचे. पहिल्याचे नाव 'दिपोनेगोरोची शरणागती', दुसऱ्याचे 'दिपोनेगोरोची अटक'. एका शब्दाचा फरक. पण त्या एका शब्दात एका समाजाचा सारा इतिहास अडकलेला आहे.

पहिल्या चित्राचा कर्ता निकोलास पीनेमान. जन्म १८०९, आमर्सफोर्ट. त्याचे वडील यान विलेम पीनेमान वॉटर्लूच्या लढाईच्या भव्य चित्रामुळे नावाजले होते. चित्रकलेचे धडे मुलाने त्यांच्याकडेच घेतले. व्यक्तिचित्रे आणि ऐतिहासिक प्रसंग हे त्याचे क्षेत्र. राजा दुसरा विल्यम याच्याशी त्याची मैत्री होती. या राजाचा १८४० सालचा राज्यारोहण सोहळाही त्याने रंगवला. १८६० साली आम्स्टरडॅममध्ये तो वारला. मान, पैसा, राजाश्रय, सारे काही त्याला मिळाले. पण ज्या जावा बेटावरचा प्रसंग त्याने रंगवला, तिथे तो कधीही गेला नाही.

प्रसंग असा. दिपोनेगोरो हा योग्यकर्ताच्या सुलतानाचा थोरला मुलगा, दरबारापेक्षा इबादतीत रमणारा. करांच्या ओझ्याखाली रयत पिचली होती. १८२५ मध्ये त्याच्या जमिनीतून रस्ता काढण्याचे निमित्त झाले आणि युद्ध पेटले. पाच वर्षांत सुमारे २ लाख जावानी माणसे मेली. १८३० मध्ये जनरल द कॉकने त्याला बोलणीसाठी मागेलांग येथे बोलावले. रमजानात वाटाघाटी करणार नाही, असे दिपोनेगोरोने सांगितले. रोजे संपले. २८ मार्च रोजी, ईदच्या दिवसांत, तो जनरलच्या घरी भेटीला गेला आणि तिथेच त्याला कैद करण्यात आले. ईदच्या भेटीला आलेल्या पाहुण्याला बेड्या! पुढची पंचवीस वर्षे त्याने हद्दपारीत काढली. १८५५ साली मकासर येथे त्याचे निधन झाले.

पीनेमानने हे चित्र द कॉकच्या घराण्यासाठी काढले. त्यात जनरल वरच्या पायरीवर उभा राहून गाडीकडे बोट दाखवतो. दिपोनेगोरो एक पायरी खाली, हताश. वर डच झेंडा फडकतो आहे, खाली अनुयायांचे भाले पडले आहेत. कारागिरीत खोट नाही. पण दगाबाजीचे रूपांतर दयाळू शासनात झाले आहे.

दुसरा चित्रकार रादेन सालेह. जावातल्या सेमारांगजवळच्या, अरबी वंशाचा वारसा सांगणाऱ्या घराण्यातला. १८२९ मध्ये तो हॉलंडला गेला. कॉर्नेलिस क्रुसेमान आणि आंद्रेआस स्खेल्फहाउट या डच चित्रकारांकडे शिकला. दिपोनेगोरोला कैद झाली तेव्हा तो कैद करणाऱ्यांच्याच देशात रंग मिसळायला शिकत होता. युद्धकाळात त्याच्या नात्यातल्या माणसांनाही डचांनी संशयावरून पकडले होते. वीसहून अधिक वर्षे युरोपात काढून, 'राजाचा चित्रकार' ही पदवी घेऊन तो मायदेशी परतला.

१८५७ साली त्याने आपले चित्र पूर्ण केले. हे साल वाचले की आपल्याला दिल्ली आठवल्याशिवाय राहत नाही. सालेहच्या चित्रात डच झेंडा नाही. जनरल आणि दिपोनेगोरो एकाच पायरीवर आहेत. दिपोनेगोरोची मान ताठ आहे, चेहऱ्यावर आवरलेला संताप आहे. त्याची माणसे निःशस्त्र आहेत, कारण ती लढायला आलीच नव्हती. डच अधिकाऱ्यांची डोकी धडाच्या मानाने मोठी दिसतात. काही अभ्यासकांना त्यात जावानी परंपरेतले राक्षस दिसतात. आणि हे चित्र सालेहने भेट म्हणून पाठवले ते थेट डच राजाला!

सालेहला क्रांतिकारक ठरवण्याची घाई आम्ही करणार नाही. जावाच्या शेतकऱ्याला सक्तीच्या लागवडीला जुंपणाऱ्या गव्हर्नर-जनरल फान देन बॉशचे व्यक्तिचित्रही त्यानेच काढले होते. राजाच्या मेहेरबानीवर तो जगला. तरीही १८६९ मध्ये एका उठावाच्या संशयावरून त्याच्या घराची झडती झालीच. पदव्या होत्या, विश्वास नव्हता. हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना परका वाटणार नाही. १८८० साली बोगोर येथे तो वारला.

त्याचे चित्र १९७८ मध्ये इंडोनेशियाला परत मिळाले. पीनेमानचे आम्स्टरडॅमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. शिवाय तिसरी साक्षही आहे. हद्दपारीत, मनाडो येथे, दिपोनेगोरोने आपले पद्यमय आत्मवृत्त रचले. २०१३ मध्ये युनेस्कोने 'जागतिक स्मृती' नोंदवहीत त्याची नोंद केली.

पीनेमान दुष्ट होता असे आम्ही म्हणत नाही. त्याला जे सांगितले गेले, ते त्याने रंगवले. प्रश्न आपला आहे. आपल्याविषयी दुसऱ्यांनी काढलेल्या चित्रांवर आपण वर्षानुवर्षे चिडतो, निषेधाची पत्रके काढतो. सालेहने पत्रक काढले नाही. त्याने त्यांचीच कला मेहनतीने आत्मसात केली, तोच प्रसंग पुन्हा रंगवला आणि नाव तेवढे बदलले.

कुंचला आणि लेखणी आपल्या हाती आहे. 'शरणागती' हा शब्द खोडून खरा शब्द लिहायचे काम आपलेच आहे.