वृषपर्व्यातील नारिंगी तारा आणि मागे घेतलेला शोध

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीकाठी वसलेले नरसी नामदेव हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. तेथून ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे २० अंश उंचीवर दिसतो, कारण गावाचे अक्षांशही तेवढेच आहेत. नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात रात्री आठच्या सुमारास ध्रुवाच्या सरळ वर पाहावे. हात लांब करून धरलेल्या मुठीच्या रुंदीहून थोड्या अधिक अंतरावर तिसऱ्या प्रतीचा एक तारा दिसेल. हा वृषपर्वा समूहातील गॅमा तारा होय. त्याचे अरबी मुळाचे नाव एराई, म्हणजे मेंढपाळ.

नामदेवांचा जन्म १२७० सालचा मानतात. त्या काळी आपला ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून साडेचार अंशांच्या आसपास दूर होता. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलत असल्याने ध्रुवबिंदू सरकत राहतो. इसवी सन ३००० च्या सुमारास तो ध्रुवापेक्षा एराईला अधिक जवळचा होईल. पुढचा ध्रुवतारा तो हाच!

एराई आपल्यापासून सुमारे ४५ प्रकाशवर्षे दूर आहे. त्याचे वस्तुमान सूर्याच्या १.३ ते १.४ पट, त्रिज्या सुमारे ४.८ पट आणि पृष्ठतापमान सुमारे ४,८०० केल्विन आहे. सूर्याचे ५,७७० केल्विन. म्हणून हा तारा नारिंगी. त्रिज्येच्या गुणोत्तराचा वर्ग आणि तापमानांच्या गुणोत्तराचा चौथा घात यांचा गुणाकार केल्यास दीप्ती सूर्याच्या अकरा पट येते. हे गणित वर्गात जरूर करून पाहावे. गाभ्यातील हायड्रोजन संपल्यावर तारा फुगू व थंड होऊ लागतो. पूर्ण राक्षसी होण्याआधीच्या या अवस्थेतील ताऱ्याला उपराक्षसी म्हणतात.

राक्षसी की उपराक्षसी, हा भेद केवळ नावापुरता नाही. त्यावर एका शोधाचे भवितव्य अवलंबून होते.

ब्रुस कॅम्पबेल, गॉर्डन वॉकर व स्टीव्हनसन यांग हे कॅनडातील शास्त्रज्ञ १९८०च्या दशकात हवाईतील दुर्बिणीतून काही ताऱ्यांचे वेग मोजत होते. ग्रहाच्या ओढीने तारा किंचित मागेपुढे होतो व त्याच्या वर्णपटातील रेषा सरकतात. गुरूमुळे सूर्य सेकंदाला जेमतेम साडेबारा मीटर वेगाने डुलतो. इतके सूक्ष्म मापन करण्यासाठी त्यांनी ताऱ्याचा प्रकाश हायड्रोजन फ्लोराइडने भरलेल्या नळीतून नेला. त्या वायूच्या रेषा मोजपट्टीसारख्या उपयोगी पडत. वायू अतिशय विषारी, त्यामुळे प्रत्येक निरीक्षण जोखमीचे.

१९८८ साली त्यांनी एराईच्या वेगात सेकंदाला सुमारे २५ मीटरचा, अडीच-पावणेतीन वर्षांनी परतणारा बदल नोंदवला. ग्रह असावा, अशी शंका त्यांनी सावधपणे मांडली. पण १९९२ साली त्यांनीच ती मागे घेतली. ताऱ्याच्या कॅल्शियम रेषेतही जवळपास त्याच कालावधीचा बदल दिसत होता आणि आता ते ताऱ्याला राक्षसी मानत होते. असा फुगलेला तारा स्वतःभोवती सावकाश फिरत असेल, तर त्यावरचे डागही वेगाचा असाच आभास निर्माण करू शकतात. आमच्या मते हा निर्णय त्या वेळच्या पुराव्याला धरूनच होता, चुकीचा ठरला तरी. कॅम्पबेल यांनी तोवर खगोलशास्त्र सोडले होते.

१९९५ साली मायोर व केलोझ यांनी ५१ पेगासी या सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा ग्रह जाहीर केला. त्यासाठी त्यांना २०१९ चे नोबेल मिळाले. एराईकडे मात्र आर्टी हॅट्झेस आणि सहकारी पुन्हा वळले. कॅनडाच्या गटाची जुनी मापने व टेक्सासमधील मॅकडोनाल्ड वेधशाळेची नवी मापने जोडून १९८१ ते २००२ अशी मालिका त्यांनी तयार केली. डाग येतात आणि जातात. वेगातील बदल मात्र वीस वर्षे त्याच लयीत, त्याच प्रमाणात चालू होता. कालावधी सुमारे ९०६ दिवस. २००३ मध्ये ग्रह मान्य झाला. त्याचे वस्तुमान गुरूच्या किमान दीडपटीहून अधिक आहे.

२०१५ साली जनमताने त्या ग्रहाला तादमोर हे नाव मिळाले. सीरियातील पाल्मिरा या प्राचीन नगराचे ते जुने नाव आहे.