खडूच्या नळीपासून काचेच्या पाटीपर्यंत

मी इतिहासाचा माणूस; रसायनाशी माझा संबंध मॅट्रिकनंतर सुटला तो सुटलाच. तेव्हा आज मी प्रयोगशाळेतली एक हकीकत सांगायला बसलो आहे, याचे काहींना नवल वाटेल. पण मंडळी, इतिहास काही केवळ राजांचा आणि लढायांचा नसतो. एखाद्या साध्या युक्तीलाही इतिहास असतो. आणि ती युक्ती जर आपल्या घरातल्या शेंगांच्या पोत्यापर्यंत येऊन पोचत असेल, तर तो जाणून घेतलेला बरा.

आमच्या घरी भुईमूग असे. पावसात भिजून बुरशी धरलेल्या शेंगा आई निवडून बाजूला काढी आणि म्हशीच्या आंबोणात टाकी. ‘‘तिला काय कळतंय!’’ असे ती म्हणे. शेंग वाया जाऊ नये, एवढाच तिचा हेतू. त्या शेंगांत काय दडलेले असू शकते, हे त्या वेळी आम्हां कुणालाच ठाऊक नव्हते. ते मला पुष्कळ वर्षांनी, आमच्या कॉलेजातल्या रसायनाच्या एका सहकाऱ्याने दाखवलेल्या काचेच्या पाटीमुळे कळले. त्या पाटीचीच ही गोष्ट.

गोष्टीची सुरुवात होते पोलंडमधल्या वॉर्सा शहरात. ते तेव्हा रशियन साम्राज्यात होते. तेथे मिखाईल त्स्वेत नावाचा एक वनस्पतिशास्त्रज्ञ राहात असे. जन्म 1872 चा, इटलीतला, शिक्षण जिनिव्हात. डॉक्टरेट मिळवून तो रशियात आला, तर तिथे परदेशी पदवी चालेना; पुन्हा परीक्षा देणे आले! त्याच्यापुढे प्रश्न होता तो पानाच्या हिरव्या रंगाचा. हा रंग एकच आहे, की अनेक रंगांची मिसळ? त्याने काय केले, तर एका काचेच्या नळीत खडूची बारीक भुकटी ठासून भरली, वरून पानांचा अर्क ओतला आणि त्यामागून स्वच्छ द्रावक सोडला. अर्क खाली उतरू लागला तसतसे त्या पांढऱ्या खडूत हिरवे आणि पिवळे पट्टे वेगवेगळे उमटले. 1903 साली त्याने आपली रीत वॉर्सातल्या निसर्गशास्त्रज्ञांच्या सभेपुढे मांडली आणि 1906 मध्ये तिला नाव दिले, ‘क्रोमॅटोग्राफी’. ग्रीक भाषेत क्रोमा म्हणजे रंग आणि ग्राफी म्हणजे लिहिणे. रंगांनी लिहिलेली अक्षरेच ती! मौज अशी की, रशियन भाषेत ‘त्स्वेत’ या शब्दाचा अर्थही रंग असाच आहे.

आता हे पट्टे वेगळे का होतात? जत्रेची वाट डोळ्यांपुढे आणा. देवळापर्यंत दोन्ही बाजूंना दुकाने. आजोबा आणि नातू वेशीपासून एकाच वेळी निघाले. आजोबांचे लक्ष देवळाकडे. ते सरळ चालू लागतात. नातू मात्र खेळण्यांच्या दर दुकानापाशी थांबतो. थोड्या वेळाने पाहाल, तर आजोबा देवळाच्या पायरीशी आणि नातू अजून फुग्यांपाशी! खडूची भुकटी म्हणजे ती दुकाने. द्रावक म्हणजे पुढे ढकलणारी गर्दी. ज्या पदार्थाला भुकटी घट्ट धरते तो मागे राहतो, ज्याला सैल धरते तो पुढे जातो.

पण त्स्वेतची रीत कुणी फारशी मनावर घेतली नाही. भुकटीत अडकून मूळ पदार्थच बदलत असतील, अशी शंका नामांकित रसायनज्ञांनी काढली. पुढे पहिले महायुद्ध आले, वॉर्सा सोडावे लागले, गावोगाव फिरावे लागले. आणि 1919 साली व्होरोनेझ येथे अवघ्या 47 व्या वर्षी त्स्वेत वारला. त्याची रीत पुन्हा उजेडात आली ती 1931 साली, जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे, रिखार्ट कून आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या हातून. त्स्वेत ते पाहायला उरला नव्हता.

नळीची रीत चांगली, पण फार वेळखाऊ. 1938 मध्ये खारकोव्ह येथे, म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या खारकिव्हमध्ये, निकोलाय इझमाइलोव्ह आणि मारिया श्राइबर हे दोघे औषधी वनस्पतींचे अर्क तपासत होते. त्यांना सुचले, की नळी हवीच कशाला? भुकटीचा पातळ थर सपाट काचेवर पसरावा आणि त्यावर अर्काचा थेंब टाकावा. दिवसाचे काम मिनिटांवर आले! पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीचा जन्म तो हा. पण लेख रशियन भाषेत, औषधशास्त्राच्या एका नियतकालिकात. आणि पाठोपाठ महायुद्ध. जगाने पुन्हा एकदा पाठ फिरवली.

1951 मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात, लिंबूवर्गीय फळांचे सुगंधी घटक वेगळे करताना किर्चनर आणि त्याच्या सोबत्यांनी काचेच्या पट्ट्यांवर थर चिकटवून वापरला. पण या रीतीला खरी शिस्त लावली ती एगोन स्टाल या जर्मन औषधशास्त्रज्ञाने. भुकटी किती बारीक, थर किती जाड, तो काचेला कशाने चिकटवायचा, हे त्याने पक्के ठरवले. 1958 पासून तयार सिलिका जेलची भुकटी आणि सारखा थर ओढण्याचे साधन बाजारात आले. 1962 मध्ये त्याचा मोठा ग्रंथ निघाला. पाव मिलिमीटर जाडीचा तो थर मग जगभरच्या प्रयोगशाळांत जाऊन बसला. पाहा हं, नवी कल्पना सुचणे ही एक गोष्ट, आणि ती कुणाच्याही हातून सारखीच साधेल अशी करून ठेवणे ही दुसरी. दुसरीचेही मोल कमी नाही.

सहकाऱ्याने मला पाटी दाखवली ती अशी. तळापासून बोटभर वर पेन्सिलीने रेघ. पेन्सिलच हवी, शाईची रेघ स्वतःच वर चालू लागेल! रेघेवर तपासायच्या मालाचा एक बारीक थेंब आणि शेजारी शुद्ध, माहीत असलेल्या पदार्थाचा दुसरा. बरणीच्या तळाशी थोडा द्रावक, रेघेच्या खालीच राहील इतका. पाटी आत उभी केली, झाकण लावले. दिव्याच्या वातीत तेल चढते तसा द्रावक थरातून वर चढतो आणि ठिपक्यांना सोबत नेतो. ठिपका किती चढला आणि द्रावक किती चढला, या दोहोंचे प्रमाण काढायचे. दोन्ही ठिपके एकाच उंचीवर थांबले, तर पदार्थ तोच असावा, असा संशय बळावतो. ‘संशय’ म्हणतो, कारण दोन निराळे पदार्थही कधी एकाच उंचीवर थांबतात; निकाल पक्का करायला दुसरी तपासणी लागते. रंगहीन ठिपके आयोडीनच्या वाफेत किंवा अतिनील प्रकाशात पाहतात.

हा अतिनील प्रकाशच आपल्याला शेंगांच्या पोत्याकडे परत नेतो. 1960 साली इंग्लंडमध्ये टर्की नावाचे कोंबडीच्या जातीतले पक्षी पटापट मरू लागले. लाखाहून अधिक मेले. शोध घेता घेता बोट गेले ते खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीवर, आणि पेंडीतल्या ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीवर. त्या बुरशीच्या विषाला नाव पडले अफलाटॉक्सिन. काचेच्या पाटीवर ते विष उलगडले, तेव्हा अतिनील प्रकाशात काही ठिपके निळे चमकले, काही हिरवे. इंग्रजीत निळा म्हणजे ब्लू आणि हिरवा म्हणजे ग्रीन. म्हणून विषांची नावे बी आणि जी अशीच पडली, ती आजही तशीच आहेत.

आणि हे दुखणे पक्ष्यांपुरते नव्हते. 1974 च्या अखेरीस राजस्थान आणि गुजरातच्या आदिवासी भागांत काविळीची साथ आली. अवकाळी पावसात भिजलेला, बुरशी धरलेला मका गरिबांनी खाल्ला होता. दुसरे धान्य घरात नव्हते. 397 माणसे आजारी पडल्याची नोंद आहे. त्यांतली 106 दगावली.

हे वाचले तेव्हा मला आईचे ते आंबोण आठवले. म्हशीच्या पोटात गेलेल्या या विषाचा अंश दुधात उतरतो, हे आज सिद्ध झालेले आहे. शिजवून किंवा भाजूनही ते पुरते नाहीसे होत नाही. तेव्हा शेंगा काय, मका काय, खडखडीत वाळवूनच भरावा, कोरड्या जागी ठेवावा. आणि बुरशी धरलेला माल ना माणसाला द्यावा, ना जनावराला. वाया गेला तरी चालेल.

शिक्षक बंधुभगिनींना जाता जाता एक सुचवतो. पांढऱ्या खडूच्या बुडाशी, बोटभर वर, पाण्यात विरघळणाऱ्या काळ्या स्केचपेनाने कडे काढा आणि खडू बशीतल्या थोड्या पाण्यात उभा करा. पाणी कड्याच्या खाली राहू द्या. थोड्या वेळाने त्या काळ्यातून निळा, जांभळा, पिवळा असे रंग फुटू लागतील. मुले विचारतील, ‘‘गुरुजी, हे रंग आत होते कुठे?’’ मग त्यांना त्स्वेतची गोष्ट सांगा. इझमाइलोव्हची आणि श्राइबरबाईंचीही सांगा. ज्यांचे जगाने वेळेवर ऐकले नाही, त्यांचे नाव निदान आपल्या वर्गात तरी निघू द्या.