गुराबेची प्रतिकृति

भंडारा जिल्ह्यांतील कोंढ्याहून समुद्र फार दूर. तरी तेथल्या कुशल सुतारासही लांकडाचे तुकडे जोडून 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका हुबेहूब साकारतां येईल, कारण तिचे आराखडे आहेत. जमशेटजी वाडियांनीं मुंबईस सागवानांत बांधलेली ही नौका १८१७ सालीं पाण्यांत उतरली. आराखडे आणणारें 'जावा' जहाज १८१२ मध्यें अमेरिकनांच्या हातीं पडलें, म्हणून इंग्लंडाहून दुसरी प्रत मागवावी लागली! कान्होजी आंग्र्यांच्या गुराबेचा आराखडा कोठून मिळणार? आमचे सुतार नजरेच्या मापानेंच बांधीत. परकीयांच्या वर्णनांवरून तिची लांब, सखल नाळ व तीवरून समोर डागल्या जाणाऱ्या तोफा कळतात; फळ्यांचा बांक मात्र कोंकणांतल्या जुन्या सुतारासच विचारावा लागतो.