चित्तेवानाचें घर

व्हिक्टोरिया राणीच्या अमदानींत विलायतेंतला शिकाररक्षक जमीनदाराचीं पांखरें राखी. आपल्याकडे त्याचा जोडीदार शोधूं गेल्यास चित्तेवान आठवतो. नांदेड-लातूरचा मुलूख तेव्हां निजामाचा; दख्खनच्या माळांवर काळविटांचे कळप चरत, आणि त्यांच्या शिकारीसाठीं हैदराबादचा दरबार चित्ते बाळगी. शाहू छत्रपतींच्या कोल्हापुरांतही तोच शौक होता.

पाळलेला चित्ता सहसा वीत नसे, आणि आईकडून न शिकलेलें पिलूं शिकारीच्या कामाचें नसे; म्हणून वाढलेलें जनावरच रानांतून फासे लावून धरावें लागे. पुढचें काम घराचें. डोळ्यांवर टोपी चढवून त्याला बाजेशीं बांधीत, आणि माणसाचा आवाज अंगवळणीं पडावा म्हणून बायकापोरें भोंवतीं बसून अखंड बोलत राहात. नांव चित्तेवानाचें, निम्मी शिकवण मात्र या गप्पांची! शिकारीच्या दिवशीं तो बैलगाडींतून माळावर जाई. काळवीट पडलें कीं लाकडी पळींतून रक्त पाजून त्याला सावजावरून उठवीत.

धरलेल्याची वीण थांबे, रानांतले उणे होत. विसाव्या शतकांत कोल्हापूरला आफ्रिकेचे चित्ते मागवावे लागले. १९५२ सालीं देशांतून चित्ता नामशेष झाल्याचें जाहीर झालें. २०२२ सालीं मध्य प्रदेशांतील कुनोच्या रानांत आले ते नामिबियाचे.